रेडिएटरमधली हळद

मे महिन्यातली टळटळीत दुपार, विक्रोळीच्या आसपास हायवे ठप्प, आणि आम्ही दोघं म्हातारे गाडीत हीटर लावून बसलेलो. चारही काचा खाली. बाजूच्या मोठ्या गाडीतली माणसं एसीत बसून आमच्याकडे बघत होती. मी ओढणीने मान पुसत समोर बघत राहिले. त्यांना काय सांगणार? आमच्या गाडीचं इंजिन तापलं की हीटर पुरता सोडायचा असतो. इंजिनातलं उकळतं पाणी मग आतल्या छोट्या जाळीतून फिरतं, थोडी धग आपण आपल्या पायांवर घेतो आणि तापमानाचा काटा लालवरून खाली सरकतो. इंजिनाला बरं वाटावं म्हणून माणसांनी भाजून घ्यायचं. मला हे आमच्या ह्यांनी शिकवलं. मागच्या उन्हाळ्यात एक दिवसाआड मी हे केलं, आणि खरं सांगते, मी इतकी थकले होते की गरम व्हायचंही काही वाटेनासं झालं होतं.

गाडी म्हणजे तीच, जी एके काळी आमच्या मुलुंडच्या प्रत्येक बिल्डिंगखाली एखाददुसरी तरी उभी असायचीच. सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, चार गिअर, हेड ॲल्युमिनियमचं. हे मला पाठ आहे, कारण घरी कोणी आलं की चहा व्हायच्या आत हे त्यांना एवढं सगळं सांगून टाकत. लोक लग्नाचा अल्बम दाखवतात तसं आमच्याकडे इंजिन. चारऐवजी तीन सिलिंडर, म्हणून उभ्या उभ्या गाडी थरथरते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, म्हणून वजन कमी, पण एकदा का जास्त तापलं की ते वाकतं, आणि वाकलं की त्याच्याखाली गच्च बसवलेलं पातळ गॅस्केट जातं, आणि गॅस्केट गेलं की पाणी ऑइलमध्ये. पाहुणे बिचारे हो हो करत बिस्किट चहात बुडवायचे. मी आतून ओरडायचे, अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या.

हे मूळचे मालवणकडचे. सासरे गिरणीत होते, ह्यांचं आयुष्य शाईच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेलं. मशीनचा नाद घरातच. गाडी घेतली तेव्हाच ती कोणीतरी वापरलेली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक रविवारी हे बॉनेटमध्ये डोकं घालून. मला लायसन्स काढून दिलं, किल्ली मात्र कधी दिली नाही. 'तुझा पाय क्लचवर जड आहे,' म्हणे. न चालवताच कसा काय जड ते त्यांनाच ठाऊक.

आणि एक खोड होती. चुकीचं निदान सहन व्हायचं नाही. रस्त्यात कोणाची गाडी बंद पडलेली दिसली, चार माणसं गोळा झालेली असली, आणि त्यातलं कोणी म्हणालं, 'बॅटरीची वायर सैल असेल,' की ह्यांच्या कपाळाची शीर उडायची. 'ज्याला काही कळत नाही ना, तो सगळ्यात आधी हेच म्हणतो. वायर सैल असेल. अरे, आधी हॉर्न दाबून बघ. हॉर्न खणखणीत वाजला तर बॅटरीला आणि वायरला कशाला नावं ठेवतोस?' कांदिवलीला माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी हॉलच्या दारात बंद पडली होती. मुलीच्या मामाने नेमकं तेच वाक्य उच्चारलं. ह्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, सिल्कच्या कुडत्याच्या बाह्या सारल्या आणि बॉनेट उघडलं. वायर ठीक होती, दोष दुसरीकडेच होता, ते सिद्ध होईपर्यंत आत मंगलाष्टकं संपली. दोघांच्या अक्षता मी एकटीने टाकल्या. कुडत्यावरचा काळा डाग गेलाच नाही.

साखरेने ह्यांच्या किडन्या खाल्ल्या. हळूहळू खाल्ल्या, आम्हाला दिसत असून दिसलं नाही. मग डायलिसिस सुरू झालं. सेंटर घाटकोपरला, एक दिवसाआड, सकाळची पाळी. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, कारण चक्कर येते. ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिथेच, डॉक्टरांच्या टेबलावर, माझ्यासमोर ठेवली. मी उचलली.

डायलिसिसचं लोकांना वाटतं, सुई लावली, रक्त साफ झालं, घरी आले. तसं नसतं. माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखा होऊन बाहेर येतो. जेवण जात नाही, पाय दुखतात, रात्री झोप नाही, आणि जरा बरं वाटायला लागेपर्यंत पुढची पाळी. पाणी मोजून. हे माझ्याकडे लहान मुलासारखे बघायचे आणि मी पेल्यात अर्ध्याच्याही खाली पाणी द्यायचे. मला स्वतःला त्यांच्यासमोर पाणी प्यायची लाज वाटायची. आत मोरीत जाऊन पीत होते.

एका दुपारी घरी आल्यावर हे बूट न काढताच पलंगावर पडले. मी बूट काढायला वाकले तर म्हणाले, 'माका पुरे झाला गो.' मालवणी ते फक्त फार चिडले की किंवा फार दमले की बोलतात. तेव्हा चिडलेले नव्हते. मी म्हटलं, 'काय पुरे झालं?' म्हणाले, 'हे. जाणं. परवापासून नको.' डायलिसिस सोडलं की काय होतं ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी आधी समजावलं, मग रडले, मग भांडले. माझा स्वभाव तसाच आहे, रडणं संपलं की मी भांडते. म्हटलं, 'तुम्ही सुटाल, माझं काय? ह्या भिंतींशी बोलत बसू?' पुण्याहून मुलीचा फोन आला, तिच्याशीही ते हं, हं, एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी काही सोडलं नाही. शेवटी माझं तोंड बंद करायला म्हणा किंवा खरंच म्हणा, ते म्हणाले, 'बरं. गाडी चालतेय तोवर येतो. ज्या दिवशी ती बंद पडेल त्या दिवशी मला उठवायचं नाही. रिक्षा नाही, टॅक्सी नाही. कबूल?'

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या माणसाचा शब्द म्हणजे शब्द. एकदा म्हणाले की संपलं. आणि गाडीची अवस्था त्यांच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. दोन-चार महिन्यांची मुदत घातली असणार मनात, असं मला तेव्हा वाटलं.

तर अशी मी, आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलेली बाई, पासष्टीला त्या इंजिनाची नर्स झाले. नवऱ्याला जगवायचं तर आधी गाडीला जगवायचं.

सुरुवातीला सगळं त्यांनीच शिकवलं, बाजूच्या सीटवर बसून, डोळे मिटून. डोळे मिटले की म्हणे आवाज नीट कळतो. सकाळी इंजिन गार असतं तेव्हा चोक पुरता ओढायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. लावलास तर पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले होतील आणि मग बस बोंबलत. चालू झाली की चोक हळूहळू आत. विसरलीस तर काळा धूर. किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही तर घाबरायचं नाही, आधी हॉर्न दाबायचा. हॉर्न नीट वाजला तर बॅटरी नि वायर ठीक, दुसरीकडे बघ. सिग्नलला झटके देत बंद पडली तर कार्बोरेटरमध्ये कचरा. चढावर दम लागला, वेग घेताना खोकली, तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासले. आवाजात शिट्टी आली तर पंखा-पट्टा सैल. हे सगळं मी मान डोलावत ऐकायचे आणि मनात म्हणायचे, देवा, फक्त घाटकोपरपर्यंत पोचू दे.

त्यात पंपांवर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नव्या गाड्यांना चालतं, आमच्या म्हातारीला बाधतं. कार्बोरेटरमधली रबरं फुगायची, पाइप मऊ पडायचे, पेट्रोलचा वास गाडीभर. भांडुपला रस्त्याच्या कडेला एक गॅरेजवाला होता, त्याच्याकडे मी इतक्या खेपा घातल्या की तो मला लांबूनच बघून हात पुसायला लागायचा. चांगला होता, पण प्रत्येक वेळी एकच पालुपद. 'काकी, विकून टाका ना. भंगारात द्या. कशाला डोक्याला ताप?' मी म्हणायचे, तू रबर बदल, बाकीचं मला सांगू नकोस. त्याला काय कळणार होतं की ही गाडी भंगारात गेली तर तिच्याबरोबर काय जाणार आहे.

मुलगी फोनवर म्हणायची, 'आई, ॲपवरून गाडी बोलव ना, आरामात जा.' तिला आम्ही ती अट सांगितली नव्हती. तिला वाटायचं आईला आता ड्रायव्हिंगची हौस आलीय. आणि भेटायला येणारे तर काय, सगळे तेच बोलायचे. काकांची किडनी म्हणजे गाडीचा फिल्टर, काका, तुमचंही रेडिएटर आता बदलायला हवं, हॅ हॅ हॅ. मला असं वाटायचं की चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घ्यावा. हे मात्र हसायचे. पाहुणा गेल्यावर म्हणायचे, 'फिल्टर आणि रेडिएटरमधला फरकसुद्धा कळत नाही त्याला.'

दोन-चार महिने गेले, पावसाळा गेला, थंडी म्हणतात ती गेली. गाडी चालत होती. मग मार्चमध्ये काटा चढायला लागला. आधी नुसता चढावर, मग ट्रॅफिकमध्ये, मग कुठेही. हीटर सुरू झाला तो तेव्हापासून. सकाळी रेडिएटर तोंडापर्यंत भरून निघायचे, घरी येईपर्यंत निम्मा रिकामा. खाली मात्र थेंब नाही. जातंय कुठे पाणी?

एके दिवशी ह्यांना सेंटरवर सोडून मी भांडुपला मागे आले. गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा पांढरट थर होता. तो काही बोलायच्या आत मला कळलं. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगितलेलं मीच आतल्या खोलीतून ऐकलं होतं ना. पाणी ऑइलमध्ये.

'काकी, गॅस्केट गेलंय,' तो म्हणाला. 'हेड उतरवावं लागेल. आधी एकदा घासून सपाट केलेलं आहे, आता परत घासून चालेल की नाही सांगता येत नाही. दुसरं हेड शोधायला लागेल. गाडी ठेवा आठ-पंधरा दिवस.'

'ठेवता येणार नाही,' मी म्हटलं.

'मग चालेल तेवढे दिवस चालेल.'

हीच तर गोची होती. गाडी दुरुस्तीला ठेवायची तर ती बंद ठेवावी लागणार, आणि बंद ठेवली तर हे दुसऱ्या दिवशी उठणार नाहीत. त्यांना सांगितलं, तर ते म्हणतील, चला, संपलं, हेड गेलं म्हणजे इंजिन गेलं. त्यांच्याच तोंडचं वाक्य. मी तिथे गॅरेजच्या बाकड्यावर बसले आणि मला उठवेना. रडूही आलं नाही. नुसता कंटाळा आला, सगळ्याचाच. गॅरेजवाल्याने मला चहा मागवला. त्यालाही बहुतेक काहीतरी दिसलं असावं, कारण मग तो आवाज खाली आणून म्हणाला, 'एक करा. जुने ट्रकवाले करतात. रेडिएटरमध्ये हळद टाका. दोन-तीन चमचे. फट असेल तिथे जाऊन बसते. काही दिवस ढकलले जातील. मी सांगितलं म्हणून सांगू नका कोणाला.'

घरची हळद. सांगलीहून बहीण पाठवते ती. सकाळी हे तोंड धूत असताना मी बरणीतून हळद एका वाटीत काढायचे, वर ताटली झाकायचे, पाण्याची मोठी बाटली पिशवीत घालायचे आणि दूध आणायला म्हणून खाली उतरायचे. बॉनेट उघडायचं, झाकण काढायचं, हळद कालवून ओतायची, वरून पाणी. वरच्या मजल्यावरच्या बाईने एकदा गॅलरीतून बघितलं आणि विचारलं, 'पूजा करताय का हो गाडीची?' मी हो म्हटलं. दसऱ्याला झेंडू घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, तशीच काहीतरी पूजा, चालायचंच. तिलाही पटलं. माझी बोटं पिवळी राहायची, तर स्टिअरिंगवर डाग नको म्हणून मी हात लुगड्याला पुसायचे. लुगडं कसलं, जुना गाऊनच, पण आई म्हणायची तसंच तोंडात येतं.

ह्यांनी खाली यायच्या आत पाणी भरून टाकायचं, हेही एक. एकदा त्यांच्यासमोर ओतावं लागलं होतं, आधीच्या महिन्यात, तेव्हा ते बाटलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'तिला बाटलीभर, मला अर्धा पेला.' चेष्टेतच म्हणाले. मला तो दिवसभर घास गेला नाही.

हळदीने खरंच फरक पडला. काटा निम्म्यावर यायला लागला. पण एक झालं. इंजिन गरम झालं की आणि हीटर सोडला की गाडीत वास यायचा. उकळत्या हळदीचा. आमटी चुलीवर ठेवून विसरल्यासारखा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा आम्ही विक्रोळीच्या पुढे होतो, घाटकोपरहून परत येताना. हे सीटवर मान टाकून डोळे मिटून पडले होते, दंडाला पट्टी बांधलेली. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून पॉइंट घासलेले कळतात, त्याला हळदीचा वास कळणार नाही? ट्रकवाल्यांच्या ह्या युक्तीवर त्यांनी स्वतः कितीदा तोंडसुख घेतलं होतं. 'इंजिन आहे की पिठलं?' असं म्हणायचे. मी वाट बघत राहिले. आता बोलतील, आता बोलतील.

त्यांनी नाकाने एक श्वास घेतला, नीट, लांब. डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, 'आज काय केलंस गो जेवणाक?'

'वरण-भात,' मी म्हटलं. 'आणि भेंडी.'

'बरं,' म्हणाले. 'भूक लागली.'

डायलिसिसहून येताना त्यांना कधी भूक लागत नसे. घरी आल्यावर दोन घास खाऊन ताट सारलं. मला वाटलं, आजाराने वासही जातो म्हणतात, तसं असेल. आणि खरं तर मला खोलात जायचंच नव्हतं. जे चाललं होतं ते चालू दे, एवढंच.

तसं ते चाललं एप्रिलभर आणि मेचे बरेच दिवस. ट्रॅफिक अडला की मी हीटर सोडायचे, आणि एखाद्या वेळी माझं लक्ष नसलं, काटा वर गेला, तर बाजूने ह्यांचा हात यायचा, पट्टी बांधलेला, आणि हीटरचा खटका सरकवायचा. डोळे मिटलेलेच. गाडीला मागून पांढरा धूर यायचा. मी आरशात बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. मागे धूर आहे हे ते कधी वळून बघत नव्हते. आयुष्यात कोणाच्याही गाडीचा धूर बघून बोलल्याशिवाय न राहिलेला माणूस.

मग ती सकाळ आली. मी नेहमीसारखी आधी खाली गेले, रेडिएटर बघितला तर त्यात पाणी पार तळाला. घरी उभ्या गाडीतलं पाणी रात्रीत कुठे गेलं ते मला कळायला हवं होतं. मी बाटली ओतली, हळद घातली, झाकण लावलं. हे काठी टेकत खाली आले, दार उघडून बसले, पट्टा लावला. मी चोक ओढला. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. किल्ली फिरवली.

टक्.

एकच आवाज, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, आणि मग काही नाही. स्टार्टर फिरायलाच तयार नाही. परत फिरवली. टक्. सिलिंडरमध्ये पाणी भरलं की असंच होतं, पिस्टन वर जाऊच शकत नाही, हे मी नंतर गॅरेजवाल्याकडून ऐकलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

मग शिकवलं होतं ते आठवलं, घाबरायचं नाही, आधी हॉर्न दाबायचा. मी दाबला. कंपाउंडभर खणखणीत वाजला. भिंतीवरचे कावळे उडाले, वॉचमनने वळून बघितलं. बॅटरी एकदम ठणठणीत. वायरही.

म्हणजे संपलं. माझ्या मनात तेवढंच आलं. मी हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. बाजूला वळायचं धाडस होईना. वळले असते तर ते म्हणाले असते, बंद पडली ना, आता कबूल केलंयस. आणि मी काय करणार होते? मला भांडायचंसुद्धा बळ नव्हतं. वर्षभर मी त्या माणसाला ह्या डब्यात घालून ओढत होते, आणि त्या क्षणी, देवाशपथ, मला वाटलं, जाऊ दे. त्यांना वर घेऊन जावं, पलंगावर निजवावं, आपणही शेजारी पडावं.

मग त्यांनी बाजूच्या काठीवर हात ठेवला आणि घसा साफ केला.

'वायर सैल असेल,' म्हणाले.

मी वळले. ते समोर बघत होते, बॉनेटकडे. चेहरा अगदी सरळ.

'बॅटरीची,' म्हणाले. 'बघू नंतर. आज रिक्षा कर. उशीर होतोय.'

हॉर्न त्यांनीही ऐकला होता. माझ्या शेजारीच बसले होते.

मी म्हटलं, 'हो. वायरच असेल.' आणि दार उघडून खाली उतरले, कारण त्यांच्यासमोर रडले असते तर त्यांना आवडलं नसतं. नाक्यावरून रिक्षा घेऊन आत आणली. रिक्षावाला आणि मी धरून त्यांना बसवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते 'हं' करत होते. घाटकोपर यायच्या जरा आधी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि उलटा करून बघितला. बोटांच्या पेरांत पिवळं राहिलेलं होतं. त्यांनी अंगठ्याने ते जरा चोळलं, गेलं नाही, आणि मग हात तसाच धरून ठेवला.

आता आम्ही रिक्षानेच जातो, एक दिवसाआड. कधी मुलीच्या सांगण्यावरून ॲपवरची गाडी. हे पूर्वीइतकेच दमतात, मी पूर्वीइतकीच चिडते, पाण्याचा पेला अजून अर्ध्याच्या खालीच असतो. गाडी कंपाउंडमध्ये कव्हर घालून उभी आहे. टायरमधली हवा गेलीय, कव्हरवर मांजर झोपतं. गेल्या महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. चांगल्या शब्दांत म्हणाले, काका, जागा अडते, बंद गाडीचं काय ते बघा. हे खुर्चीत नीट सावरून बसले.

'बंद नाही ती,' म्हणाले. 'वायर सैल झालीय फक्त. करतो एवढ्यात.'

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले.